वाकेन, पण मोडणार नाही

"मोडेन, पण वाकणार नाही." मानी माणसाबद्दल आपण असे म्हणतो. माणसाला ते शोभतही असेल. पण घराच्या तुळईने असा बाणा धरला, तर घरातल्या माणसांची धडगत नाही. तुळईने वाकले पाहिजे. चिरा पडोत, गिलावा गळो, पण तिने एकाएकी मोडता कामा नये. वाकणारी तुळई घरच्यांना सांगते, "मी थकले, बाहेर पळा." ताठ राहून एकाएकी मोडणारी तुळई काहीच सांगत नाही.

या पाठात आम्ही सिमेंटच्या तुळईची माहिती सांगणार आहोत. मिस्त्री तिला बीम म्हणतो. आम्ही तुळईच म्हणू. आज गावोगाव स्लॅबची घरे झाली आहेत. ज्याच्या हातात चार पैसे आले, त्याने माळवद उतरवले आणि स्लॅब टाकला. स्लॅब टाकला की घर पक्के झाले, असा आपला समज. पण पक्के म्हणजे काय? हे कोणी विचारत नाही.

आधी दोन वस्तू हाती घ्या. एक खडू आणि एक बांधायची तार. खडू घरातल्या शाळकरी पोराकडे मिळेल. खडूची दोन टोके धरा आणि वाकवा. काय झालं? टक्‌ करून मोडला. मोडण्याआधी वाकला का? नाही. काही इशारा दिला का? नाही.

आता तार वाकवा. वाकली. उलटी वाकवा. तीही वाकली. असे करीत राहिले तर पुष्कळ वेळाने तुटेल. तुटली की लगेच तिथे बोट लावून पाहा. तार गरम लागेल. ही गरमी कोठून आली? तुम्ही हाताने जो जोर लावला, तो तारेने आपल्या अंगात जिरवला. त्याचीच ही गरमी.

खडूला आपण ठिसूळ म्हणतो. तारेला चिवट म्हणतो. ठिसूळ म्हणजे कमजोर, असे मात्र समजू नका. काळा दगड ठिसूळच आहे, पण तो किती भार पेलतो! बळ ही एक गोष्ट आणि चिवटपणा ही दुसरी. घराला दोन्ही लागतात. बळ रोजच्या ओझ्यासाठी, चिवटपणा वाईट दिवसासाठी.

तुळईच्या पोटात काय चालते

जुन्या रबरी चपलेचा तळ घ्या. त्याच्या कडेवर पेनाने जवळजवळ उभ्या रेघा ओढा. तो दोन विटांवर आडवा ठेवा आणि मधोमध अंगठ्याने दाबा. आता कडेच्या रेघा नीट बघा. वरच्या बाजूला रेघा जवळ आल्या. खालच्या बाजूला त्या फाकल्या. म्हणजे वरचे अंग दाबले गेले आणि खालचे अंग ताणले गेले.

तुमच्या डोक्यावरच्या तुळईचेही असेच होते. फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचा माल वाळून दगडासारखा होतो. त्याला काँक्रीट म्हणतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र सोसत नाही. दाब सोसण्याचे बळ दहा असले, तर ताण सोसण्याचे बळ साधारण एक. म्हणून नुसत्या काँक्रीटची तुळई खडूच्या जातीची. ती खालून तडकते आणि मोडते.

लोखंड ताण सोसते. म्हणून तुळईच्या खालच्या अंगाला लोखंडी सळया घालतात. दाब काँक्रीटने घ्यायचा आणि ताण सळईने. दोघांची अशी वाटणी आहे. ही युक्ती जगभर पसरली, तिच्या आरंभी एक माळी होता हे ऐकून नवल वाटेल. फ्रान्स देशातला जोसेफ मोनिए हा माळी. त्याने सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्या युक्तीचा हक्क सरकारदरबारी नोंदवला.

छज्जाचे आणि गॅलरीचे मात्र उलटे असते, हे ध्यानात ठेवा. छज्जा एका बाजूने भिंतीत धरलेला आणि दुसऱ्या बाजूने मोकळा. तो खाली झुकतो तेव्हा त्याचे वरचे अंग ताणले जाते. म्हणून तिथे सळया वरच्या अंगाला हव्यात. माल टाकताना मजूर त्या सळयांवरून चालतात, सळया पायाखाली दबून खाली जातात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे सेंट्रिंग काढले की छज्जा कोसळतो. असे अपघात पुष्कळ झाले आहेत.

आता कोणी म्हणेल, "मग सोपं आहे. सळया दुप्पट घालू, तुळई दुप्पट पक्की होईल." तसं नाही. खरी मेख इथेच आहे.

तुळई दोन तऱ्हांनी मोडू शकते. पहिली तऱ्हा अशी : ओझे फार झाले की खालची सळई तारेसारखी लांबत जाते. तुळईला खालून चिरा पडतात. त्या रुंद होतात. तुळई झोळीसारखी झुकते. घरच्यांना हे दिसते. ती पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसे बाहेर येतात. दुसरी तऱ्हा अशी : खाली लोखंड इतके दाट भरले की ते लांबतच नाही. मग वरचे काँक्रीट चिरडते. ते चिरडते एकाएकी. चीर नाही, झोळी नाही, इशारा नाही. लोखंड जास्त, खर्च जास्त, आणि तुळई मात्र खडूसारखी मोडते! म्हणून जाणता अभियंता सळया मोजून घालतो. कमी नाही, तशाच वारेमापही नाही.

सळईची जातही पाहावी. आता आपल्याला वाचता येते, त्याचा इथे उपयोग आहे. चांगल्या सळईच्या अंगावर कारखान्याचे नाव आणि एक आकडा उठवलेला असतो. बहुधा ५०० किंवा ५५०. हा आकडा बळाचा. त्याच्या पुढे कधी कधी एक इंग्रजी अक्षर असते. एक उभी रेघ आणि उजवीकडे फुगलेले पोट. हे अक्षर 'डी'. ज्या सळईवर डी आहे ती अधिक चिवट. भारतीय मानकाचा नियम असा की साधी ५०० ची सळई ताणून तोडली, तर तुटण्याआधी तिने शंभरात निदान १२ भाग लांबले पाहिजे. ५०० डी असेल तर निदान १६ भाग. दुकानदाराला बळाचा आकडा सगळेच विचारतात. डी आहे का, हे फार थोडे विचारतात.

रिंगांची करामत

तुळईत आडव्या सळयांभोवती चौकोनी कडी घालतात. मिस्त्री त्यांना रिंगा म्हणतो. पुष्कळांना वाटते, रिंगा म्हणजे सळया जागेवर धरायची नुसती सोय. म्हणून पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री रिंगांना लागते.

रिंगांचे खरे काम मोठे आहे. खांबाजवळ, म्हणजे तुळईच्या टोकाला, तिरक्या चिरा पडू पाहतात. ही तिरकी चीर फार वाईट. ती तुळईला कात्रीसारखी कापते, आणि तेही एकाएकी. रिंग त्या चिरेला आडवी जाते आणि तिची दोन्ही तोंडे धरून ठेवते.

दुसरे काम आवळून धरण्याचे. बैलगाडीचे चाक आठवा. चाक म्हणजे लाकडाचे जोडलेले तुकडे. लोहार लोखंडी धाव तापवून लाल करतो, चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. धाव आकसते आणि सगळ्या तुकड्यांना आवळते. मग ते चाक दगडधोंड्यांतून वर्षानुवर्षे फिरते. रिंगा म्हणजे काँक्रीटची धाव. आवळलेले काँक्रीट आतून फुटले तरी भुगा होऊन सांडत नाही. ते भार धरून राहते. जे मुळात ठिसूळ, त्यालाही आवळल्यामुळे चिवटपणा येतो. ही एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. पुढे नव्या कापडाची माहिती येणार आहे, तिथे हीच गोष्ट पुन्हा लागेल.

पण धाव सुटली तर? रिंगेची दोन टोके नुसती काटकोनात वाकवलेली असली, तर भूकंपाच्या हिसक्याला ती उघडतात. म्हणून टोके आणखी आत वळवून काँक्रीटच्या पोटात शिरवावी लागतात. हुक पुरा वळला पाहिजे. अभियंते याला १३५ अंशांचा हुक म्हणतात. वळणापुढे साधारण तीन इंचांचे टोक आत राहावे.

घर बांधताना असे बोलणे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते :

"वहिनी, एवढ्या रिंगा कशाला? उगा लोखंड जातंय."

"जाऊ दे की मिस्त्रीभाऊ. खांबाजवळ चार-चार बोटांवर बांधा म्हणजे झालं. आणि टोकं आत वळवा. मी मोजणार आहे."

वहिनी बरोबर बोलली. भूकंपाच्या घरासाठी भारतीय मानकात स्वतंत्र नियम आहेत. ते पहिल्याने १९९३ साली निघाले आणि २०१६ साली सुधारले. त्यांचे सार असे : तुळई दीड फूट उंचीची असली, तर दोन्ही टोकांना खांबापासून तीन-तीन फूट रिंगा दाट हव्यात. दोन रिंगांत चार इंचांहून जास्त अंतर नको. तुळईची उंची कमी असली तर अंतर आणखी कमी. मधल्या भागात आठ इंच चालते. शिवाय वर निदान दोन आणि खाली निदान दोन सळया या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हव्यात. भूकंपात तुळई वर-खाली दोन्हीकडे वाकते. आज जे अंग दाबले, तेच पुढच्या क्षणाला ताणले जाते.

हे सारे आम्ही पोटतिडकीने का सांगतो? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. गणपती बोळवून लोक झोपले होते. चार वाजायला थोडा वेळ होता. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे हादरली आणि सुमारे ८,००० माणसे गेली. तिथली घरे दगड-मातीची होती. जाड भिंती, वर मातीचा जड थर. भिंती ढासळल्या आणि माती अंगावर आली. तोवर त्या भागाला भूकंपाचे फारसे भय नाही, असेच मानत होते.

त्यानंतर लोक म्हणू लागले, दगड-माती नको, सिमेंट हवे. ते योग्यच. पण २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत कच्छचा भूकंप झाला. त्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबाद शहरात सिमेंटच्या कित्येक उंच इमारती बसल्या. शेकडो माणसे दगावली. तपासणी झाली तेव्हा काय दिसले? खालचा मजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर. रिंगा विरळ. रिंगांची टोके काटकोनात आणि उघडलेली. सिमेंट होते, लोखंड होते, बळही होते. चिवटपणा नव्हता.

धागा आणि डिंक

ज्याचे घर अजून बांधायचे आहे त्याला रिंगा सांगून भागले. पण बांधून झालेल्या घराचे काय? तुळई फोडून आत रिंगा घालता येत नाहीत. या कामासाठी गेल्या तीस-चाळीस वर्षांत एक नवा माल पुढे आला आहे. नाव मोठे आहे : संमिश्र पदार्थ. कल्पना मात्र आपल्या घरचीच आहे.

चूल घालताना मातीत तूस किंवा भुसा का मिसळतात? चूल तडकू नये म्हणून. नुसती माती वाळली की भेगाळते. भुशाच्या काड्या भेगेच्या आरपार राहतात आणि तिला फाकू देत नाहीत. कुडाची भिंतही तशीच. तुराट्या किंवा कारवीच्या काठ्या, आणि त्यांवर शेणमातीचा लेप. नुसत्या काठ्या वारा अडवत नाहीत, नुसती माती उभी राहत नाही. दोन्ही एकत्र आल्या की भिंत होते. धागा ताण घेतो. लेप धाग्याला धरून ठेवतो. संमिश्र पदार्थ म्हणजे एवढेच.

नव्या मालात काडीच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे धागे असतात. कार्बन म्हणजे कोळशाच्या जातीचा पदार्थ. हे धागे केसाहूनही कितीतरी बारीक. त्यांचे कापड विणतात किंवा पट्ट्या करतात. शेणमातीच्या जागी एक कडक होणारा डिंक असतो. त्याला इपॉक्सी म्हणतात. दोन डब्यांतला माल एकत्र कालवला की तो घट्ट होतो. या डिंकात भिजवलेले कापड तुळईला चिकटवतात. कार्बनची पट्टी तेवढ्याच जाडीच्या लोखंडाहून पाचपट आणि त्याहूनही जास्त ताण सोसते. वजनाला ती लोखंडाच्या पाचव्या हिश्शाची. आणि तिला गंज लागत नाही.

युरोपातल्या स्वित्झर्लंड देशात लुसर्न शहराजवळ इबाख नावाचा पूल आहे. १९९१ साली तिथे रहदारीचे दिवे बसवण्यासाठी भोक पाडीत होते. पुलाच्या पोटात ताणून बसवलेल्या तारा होत्या, त्यांतल्या काही तुटल्या. पूल सांधणे आले. लोखंडी पट्ट्या लावायच्या तर १७५ किलो लोखंड लागले असते. उर्स मायर नावाच्या अभियंत्याने आणि त्याच्या सोबत्यांनी कार्बनच्या पट्ट्या चिकटवल्या. त्या भरल्या ६.२ किलो! एवढे वजन तर शाळेतले पोर काखेत मारून नेईल. पुढे ही रीत देशोदेशी गेली. आपल्या देशातही पुलांना आणि जुन्या इमारतींना असे कापड लावतात.

इथवर ऐकून वाटेल, झाले काम. तुळईच्या खाली पट्टी मारली की निश्चिंती. पण घाई करू नका.

मघाशी तार आणि खडू पाहिला. आता सांगा, कार्बनचा धागा कोणाच्या जातीचा? बळ पाहिले तर तारेच्या वरताण. पण चिवटपणा पाहिला तर खडूच्या जातीचा! लोखंडी सळई शंभरात १२ किंवा १६ भाग लांबते. कार्बन शंभरात एक-दोन भाग लांबतो आणि फटकन तुटतो. तो आधी झुकत नाही, इशारा देत नाही. आणखी एक खोड आहे. पुष्कळदा पट्टी तुटतच नाही. ती टोकाकडून सालीसारखी सोलून निघते, आणि निघताना खालच्या काँक्रीटचा पोपडाही घेऊन येते.

म्हणजे काय झाले? तुळईच्या नुसत्या खाली पट्टी चिकटवली तर बळ वाढते, पण चिवटपणा बहुधा कमी होतो. जी तुळई वाकून इशारा देत होती, ती आता ताठ राहून एकदम सोडते. लोखंड दाट भरल्याचा जो दोष, त्याच जातीचा हा दोष. पट्टी विकणारा माणूस बळाचा आकडा सांगेल. ही गोष्ट सांगेलच असे नाही.

मग हे कापड चिवटपणा वाढवते ते कसे? धावेसारखे लावले तर! खांब चारी बाजूंनी मोकळा असतो. त्याला कापड पूर्ण गुंडाळता येते. आतले काँक्रीट फुगू लागले की कापड ताणले जाते आणि त्याला आवळते. ठिसूळ धाग्याने ठिसूळ काँक्रीट आवळले, आणि खांब चिवट झाला. गोल खांबाला हे उत्तम साधते. चौकोनी खांबाला त्याहून कमी, कारण जोर कोपऱ्यांवरच येतो. त्यासाठी कोपरे आधी घासून गोल करावे लागतात. धारदार कोपऱ्यावर धागा कापला जातो.

तुळईच्या डोक्यावर स्लॅब असतो. म्हणून तिला पूर्ण वेढा बसत नाही. तिला तीन बाजूंनी, झोळीसारखे कापड लावतात. एक बाजू, खाल, दुसरी बाजू. टोकांजवळ असे वेढे दिले की तिरकी चीर अडते. विरळ रिंगांची उणीव भरून निघते. तिरक्या चिरेने एकाएकी मोडण्याची वाट बंद झाली, म्हणजे तुळईला मोडायची एकच वाट उरते. ती म्हणजे खालची सळई लांबून, सावकाश, झुकत झुकत मोडण्याची. आपल्याला हवी ती हीच. खाली पट्टी लावायचीच असली, तर तिच्या टोकांवरही असे वेढे देतात. म्हणजे ती सोलून निघत नाही.

जपान देशाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे कोबे शहरात भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसे मेली. खांबांवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचा सहाशे मीटरांहून लांब तुकडा खांबांसकट आडवा झाला. बळ कमी म्हणून नव्हे. खांब वाकण्याआधीच तुटले. पुढे जपानने रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या खांबांना मोठ्या प्रमाणावर लोखंडी पत्र्याचे आणि कार्बनच्या कापडाचे वेढे घातले.

धागा बाहेरून न लावता मालातच कालवण्याचीही रीत आहे. चुलीच्या मातीत भुसा घालतात तशीच. वाकड्या टोकांच्या, बोटाच्या पेरासारख्या लोखंडी तारा मालात टाकतात. बोगद्यांचे अस्तर आणि कारखान्यांच्या फरश्या अशा करतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली या प्राध्यापकांनी तर खडीच वगळली आणि मालात बारीक धागे घातले. ते शंभरात अवघे दोन भाग. हा माल ताणला की एक मोठी चीर पडत नाही. केसासारख्या बारीक पुष्कळ चिरा पडतात आणि पाटी वाकते. जपानमध्ये टोकियोतल्या रोप्पोंगी भागात २७ मजली इमारत आहे. तिच्या प्रत्येक मजल्यावरच्या दोन-दोन तुळया, मिळून ५४, अशा मालाच्या आहेत. मात्र आपल्या घराच्या तुळईत मुठभर धागे टाकून मुख्य सळया किंवा रिंगा कमी करू नका. धागे सळईची जागा घेत नाहीत.

बाजारात आता काचेच्या धाग्यांच्या सळयाही मिळतात. गंजत नाहीत, म्हणून खाऱ्या वाऱ्याला त्या बऱ्या. पण त्या जागेवर वाकवता येत नाहीत. वाकवायला गेले तर मोडतात. आणि मोडण्याआधी त्या लोखंडासारख्या लांबत नाहीत. भूकंपाच्या घरात त्या लोखंडाच्या जागी सरसकट घालणे आम्हाला पटत नाही.

कापड लावण्याआधी

हे कापड स्वस्त नाही आणि त्याला शिकलेला कारागीर लागतो. तरी शाळा, दवाखाना, ग्रामपंचायतीची इमारत यांच्यासाठी कधी ना कधी ही गोष्ट गावात निघेल. तेव्हा काय पाहायचे?

पहिले म्हणजे गंज. तुळईचा गिलावा सुटला आहे, आतली सळई तांबडी दिसते आहे, अशी घरे कोकणात समुद्राकाठी फार. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. अशा तुळईवर कापड मारणे म्हणजे न धुतलेल्या जखमेवर पट्टी बांधणे. बाहेरून गुळगुळीत, आत गंज चालूच. आधी सुटलेले काँक्रीट काढायचे, सळई घासायची, नवा माल भरायचा. मगच कापड.

दुसरे म्हणजे आग. कार्बनचा धागा आगीला लवकर दबत नाही, पण डिंक दबतो. साधा इपॉक्सी ६० ते ८० अंश उष्णतेलाच मऊ पडू लागतो. उकळते पाणी १०० अंशांचे असते. म्हणजे चहाच्या आधणाइतकीही आच लागत नाही. म्हणून जाणते अभियंते असा हिशेब करतात : उद्या कापड पूर्ण निकामी झाले, तरी घराचे रोजचे ओझे जुन्या तुळईने एकटीने पेलले पाहिजे. इतकीही ताकद जिच्यात नाही, तिला कापड वाचवत नाही. ती उतरवावीच लागते. उन्हानेही डिंक खराब होतो, म्हणून उघड्यावरच्या कापडावर रंगाचा किंवा गिलाव्याचा थर देतात.

तिसरे विचारायचे ते सोपे आहे. "हे कापड नुसते खाली लावणार, की वेढा देणार? आणि यामुळे तुळई जास्त वाकून मोडेल की कमी?" जो अभियंता याचे सरळ उत्तर कागदावर चित्र काढून देतो, त्याच्याकडून काम घ्यावे.

आणि आजच घरी गेल्यावर एक करा. दिवसा उजेडी, बॅटरी घेऊन, आपल्या तुळया खालून आणि बाजूने बघा. मधोमध केसासारख्या बारीक उभ्या चिरा असतील, तर फार घाबरू नका. त्यांवर पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा आणि महिन्याने पुन्हा बघा. पण खांबाजवळ तिरकी चीर दिसली, किंवा एखादी चीर रुंद होत चालली, तर वाट पाहू नका. वर पाण्याची टाकी असेल तर रिकामी करा. गच्चीवर धान्याची पोती, विटा, वाळू असेल तर उतरवा. त्या खोलीत झोपू नका. खाली पक्क्या जमिनीवर फळी ठेवून तुळईला लाकडाचे किंवा लोखंडाचे टेकू द्या, आणि अभियंत्याला बोलावणे धाडा. तो येईपर्यंत टेकू काढू नका.